आईच्या कॅनरचं रबर

१४ मे १९९६, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. जे होणार आहे त्याची लेखी नोंद राहिली पाहिजे.
गेल्या ऑगस्टात काउंटीच्या जत्रेतल्या स्पर्धेत माझ्या फरसबीच्या बरणीला एकही फीत मिळाली नाही. परीक्षकबाईंनी कार्डावर लिहिलं: पाणी गढूळ, बरणी वरून रिकामी. निळी फीत, म्हणजे पहिलं बक्षीस, कुणाला? माझ्या थोरल्या बहिणीला, नेव्हाला. सलग सहाव्यांदा. तेही ठीक. पण ॲपल पायच्या स्टॉलपाशी, अर्ध्या गावादेखत, माझा खांदा थोपटून म्हणाली, वर्ली, तू आपला जॅमपासून सुरुवात कर, चुकला तरी गोड लागतो.
लोक हसले. पाद्रीसुद्धा हसला.
नऊ महिने झाले. मी असल्या गोष्टी मनात ठेवणारा माणूस नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

१५ मे
योजना: आईचा कॅनर. बरण्या उकडून सीलबंद करायचा तो ॲल्युमिनियमचा दांडगा कुकर, सात बरण्यांचा, झाकणावर हातानं आवळायचे सहा विंग नट. त्याच्या जोरावर आईनं अकरा निळ्या फिती घेतल्या. गेल्या वर्षी मी बायकोचा छोटा कुकर वापरला, तिथेच घोटाळा झाला. माझा दोष नाही.
आई गेली तेव्हा नेव्हानं घरातली एकच वस्तू मागितली होती, हा कॅनर. मी दिला नाही. घर माझ्या वाट्याला आलं म्हणजे घरातलं सगळं माझ्या वाट्याला आलं. तरी मोठ्या मनानं तिला स्वयंपाकघराचे पडदे दिले. तिनं नीट आभारसुद्धा मानले नाहीत.

१६ मे
कोठारातून काढला. आत उंदरांचा संसार. धुतला. प्रेशरचा काटा शाबूत, शिटी शाबूत, नट शाबूत. झाकणाखालचं रबर गायब!
आर्लिसला हाक मारली. ती म्हणाली, याला रबर होतं का पण कधी? बायको म्हणून ती उत्तम आहे. पण मी चाळीस वर्षं धान्याच्या एलेव्हेटरवर, त्या उंच गोदामात, यंत्रं दुरुस्त केली आहेत. रबराशिवाय वाफ कोंडत नाही. हे मी तिला शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, ओरडू नकोस.
रबर गेलं कुठे? पडदे न्यायला या घरात कोण आलं होतं? बस. मला काही बोलायचं नाही.

१७ मे
वाटेत नेव्हाची गाडी समोरून आली. रामराम म्हणून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायची इथली रीत, मी उचललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं मात्र अख्खा हात हलवला. निर्ढावलेली आहे.

२१ मे
फरसबी पेरली. चार ओळी. आर्लिस म्हणते दोघांना चार ओळी कशाला. एक ओळ खायला, तीन ओळी सुडाला.
हार्डवेअरच्या दुकानात गेलो. म्हातारा ऑगी म्हणाला, वर्लिन, या मॉडेलचं रबर मी जन्मात विकलेलं नाही बाबा. म्हणजे कधी आलं की आल्याआल्या कुणीतरी उचलत असणार. ऑगी चर्चमध्ये नेव्हाच्या शेजारी उभा राहून गातो, हे इथे नमूद करतो.
तो आणखी म्हणाला, शेतकी ऑफिसात ती बाई आहे, प्रेशरचे काटे फुकट तपासून देते, तिला दाखव. ती बाई नेव्हाच्या गोधडी मंडळात आहे. धन्यवाद. मी वेडा नाही.

७ जून
कॅनर बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पाऊण तास ताटकळलो. शेवटी एक मुलगी म्हणाली, सर, तुमच्या मॉडेलच्या यादीत रबर हा भागच नाहीये.
म्हणजे फारच दुर्मिळ. यादीतूनसुद्धा काढून टाकलंय. ती पुढे काहीतरी समजावत होती, पण मला जे हवं ते कळलं होतं. फोन ठेवला.

८ जून
निळी फीत कुठे लावायची ते ठरवलं. पुढच्या खिडकीत, आतून नाही, बाहेरून. नेव्हाचं घर अर्ध्या मैलावर, मध्ये फक्त सोयाबीन. दुर्बीण असली तर तिला दिसेल. नसली तर मी देईन भेट.

२३ जून
पलीकडच्या काउंटीत शेतघराचा लिलाव. कुकरच्या रबरांचं खोकं होतं! माझ्याशिवाय कुणीही हात वर केला नाही. लोकांना वस्तूची किंमतच नाही.
घरी येऊन मोजलं. एकतीस रबरं. एकही बसत नाही. आर्लिस म्हणाली, एकतिसावंसुद्धा नाही बसलं म्हणजे बघ. मी म्हटलं, बघ म्हणजे काय? ती म्हणाली, काही नाही, जेवायला चल.

४ जुलै
स्वातंत्र्यदिन. सगळे आतषबाजी बघायला गेले. मी ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कापून स्वतःचं रबर बनवलं. देशाला स्वातंत्र्य मिळालं तेही असंच, दुसऱ्यावर न विसंबता.

६ जुलै
ट्यूब जाड पडते. झाकण टेकत नाही. वाफ सहाही बाजूंनी बाहेर. घरभर टायरचा वास. आर्लिस दोन दिवस तिच्या बहिणीकडे गेली आहे. उन्हाळ्यामुळे, म्हणाली.

१५ जुलै
फरसबी लागली. कोवळी, सरळ, एकसारखी. अशी फरसबी नेव्हानं स्वप्नातसुद्धा पाहिली नसेल. आता प्रश्न फक्त रबराचा.
भाषण तयार केलंय. निळी फीत हातात आली की त्याच ॲपल पायच्या स्टॉलपाशी करायचं. मुद्दे: १) आईचा वारसा. २) चोरी. ३) जॅम. तिसऱ्या मुद्द्याला लोक हसतील. या वेळी तिच्यावर.

२० जुलै, दुपारी २
सापडलं!! चूक रबरात नाहीच, झाकणात आहे. रबर बसायला खोबण लागते. या झाकणाची कड पाहिली तर सपाट, आरशासारखी गुळगुळीत. कारखाना खोबण पाडायलाच विसरला! इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी ५
ग्राइंडरनं झाकणाच्या कडेला गोल खोबण पाडली. एकसारखी, कुठे तुटक नाही. हात अजून शाबूत आहे. ट्यूबचं रबर त्यात अगदी चपखल बसलं. कारखान्यानं अर्धवट सोडलेलं काम आज पुरं झालं. आर्लिस दारात उभी होती. म्हणाली, आधी नेव्हाला एकदा विचारलं असतंस तर? काही प्रश्न उत्तराच्या लायकीचे नसतात.

२७ जुलै
सात बरण्या भरल्या. नट आवळले. गॅस मोठा. काटा अकरावर जायला हवा. चारवर अडकला. मी गॅस आणखी मोठा केला. रबर एका बाजूनं बाहेर आलं आणि वाफेचा झोत थेट छताला. छताचा रंग सोलून खाली. पाणी आटलं, तीन बरण्या तडकल्या, बाकीच्यांतली फरसबी सैनिकी गणवेशाच्या रंगाची.
आर्लिसनं झाडू माझ्या हातात दिला आणि बाहेर गेली. हे फार वाईट लक्षण.
आता एकच मार्ग. मूळ रबर जिच्याकडे आहे तिच्याकडून ते वसूल करायचं. शनिवारी. समोरासमोर.

३ ऑगस्ट, रात्री
दुपारी पुराव्यासाठी कॅनर गाडीत टाकला आणि नेव्हाकडे गेलो. ती मागच्या पायरीवर जत्रेसाठी फरसबी निवडत बसली होती. मी भाषण केलं. सगळं पाठ होतं. शेवटचं वाक्य: आईच्या कॅनरचं चोरलेलं रबर आत्ताच्या आत्ता काढ.
तिनं हातातली फरसबी खाली ठेवली. मग म्हणाली, अरे वर्ली, याला रबर नसतंच. झाकणाची कड भांड्याच्या कडेवर चोख बसते, धातूवर धातू. आई नुसता बोटानं तेलाचा हात फिरवायची आणि समोरासमोरचे नट जोडीनं आवळायची. तू कधीच बघितलं नाहीस?
नाही बघितलं. कॅनर लावला की स्वयंपाकघर तापायचं, म्हणून मी अंगणात असायचो. आत ती आणि आई.
ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. हात पुसून म्हणाली, काढ झाकण, दाखवते, सोपं आहे. मी म्हटलं, राहू दे. तिनं स्वतःच नट काढले, झाकण उलटं मांडीवर घेतलं आणि कडेवरून बोट फिरवलं. बोट खोबणीत अडकलं.
हे काय आहे, म्हणाली.
तिनं सबंध कड चाचपली, एक पूर्ण फेरा. खोबण कुठेच संपत नाही. मी काम नीट करतो.
मी म्हटलं, नवीन झाकण शोधतो ना, मिळेल कुठेतरी. ती म्हणाली, नाही मिळत वर्ली. भांडं आणि झाकण एकमेकांवर घासून जोडीनंच बनवतात. दुसरं झाकण याच्यावर बसत नाही.
मग ती रडायला लागली. आईच्या दफनाच्या वेळी रडली नव्हती, तेव्हा सगळ्यांना कॉफी देत फिरत होती. आज झाकण मांडीवर घेऊन, फरसबीच्या देठांमध्ये बसून हमसून रडली. मी म्हटलं, हा कॅनर तूच ठेव. तिनं मान हलवली. नको म्हणाली, आता नको.
वर्षभर मला तिला रडताना बघायचं होतं. बघितलं. आईनं हे बघितलं असतं तर मला घरात घेतलं नसतं.
जत्रेतल्या स्पर्धेची नावनोंदणी आज पाच वाजता बंद झाली. मी गेलो नाही. चार वाजल्यापासून खिडकीत उभा होतो. नेव्हाची गाडीही अंगणातून हलली नाही.