खालची शिट्टी

४ फेब्रुवारी, रविवार

चिखल! सुट्टीचा अख्खा दिवस चिखल बघण्यात गेला. बर्फाच्या कारखान्यामागची भिंत बुधवारी दुपारी जेवायला घरी येताना दिसली होती — खाली हिरवंगार पाणी, कारखान्याच्या नळाची धार त्यात पडतेय आणि त्या फेसात माशांची बारीक पिल्लं नुसती वळवळतायत. म्हटलं, सापडली जागा! होडी नको, कुणाची मनधरणी नको. आज अकराला काठी, गळ, कोलंबीचे तुकडे असा सगळा सरंजाम घेऊन गेले, तर समुद्रच गायब. खाली चिखल आणि त्यात रुतलेली एक चप्पल.

आम्ही धरणाकाठची माणसं. धरणाचं पाणी मेलं कुठे जात नाही!

बाबांना सांगितलं तर चक्क हसले. "समुद्राला तुझ्या रविवारचं काय पडलंय?" हे वाक्य त्यांचं नाही, लगेच ओळखलं मी. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांचं आहे.

५ फेब्रुवारी

परत शिट्टी. नीट उजाडलंही नव्हतं. मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. शाळा सुटली, शिट्टी सुटली नाही. मी घरातल्या घरात तीनदा "बाबा, चहा" म्हणते, ते यांना ऐकू येत नाही. खालून एक फुंकर, की टोपी घालून जिन्यात!

आई गेल्यापासून बाबा बोलायचेच थांबले. म्हणून तर मी चष्म्याच्या दुकानाच्या इथल्या, समुद्राकाठच्या शाखेत बदली मागून घेतली आणि त्यांना घेऊन आले. गावी आई आणि ते धरणावर गळ टाकून तासन्‌तास बसायचे. वाटलं, इथे आईच्या जागी मी बसेन. बोलतील हळूहळू. आणि बोलतायत की — मास्तरांशी! जिन्यात हसणं ऐकू येतं, मी दार उघडलं की बंद.

आज मासे आणले, दोन बोयी. कुठे मिळाल्या? "मिळाल्या." अहो पण कुठे? "मास्तरला शब्द दिलाय, जागा कुणाला सांगायची नाही." कुणाला म्हणजे मलाही! पोटच्या पोरीला! जेवताना मासा चांगला लागला, याचाच जास्त राग आला.

७ फेब्रुवारी

दुकान लवकर सुटलं म्हणून जागा शोधत फिरले. धक्क्यावरून पहारेकऱ्याने हाकललं. पुलावरून दोरी पाण्यापर्यंत पोचेना. खडकांवर पाय घसरला, गुडघा फुटला. एक होडीवाला वर म्हणतो कसा, "होडी असल्याशिवाय काय मिळणार ताई?" होडी असती तर तुझं तोंड कशाला बघितलं असतं? — पण हे मनात.

८ फेब्रुवारी

मास्तरांनी गुडघ्यासाठी मलम पाठवलं. लावलं नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

जळण्याचाही उपयोग होतो तर! त्या शिट्टीकडे माझे कान लागलेलेच असतात. सोमवारी वाजली तेव्हा मी अंथरुणात होते. मंगळवारी दात घासत होते. काल वेणी घालत होते. आणि आज सव्वानऊला दुकानाला निघाले तर जिन्यात, अगदी कानाशी! दुकानात एका आजोबांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत होते — "हे स्पष्ट की ते?" — आणि एकदम मलाच स्पष्ट दिसलं. मास्तर काही उशीर करणाऱ्यातले नाहीत. पाणीच रोज पाऊण-एक तास उशिरा चढतं, आणि ते पाण्यामागे जातात! आजोबांना "चुकीची काच लागली हो" म्हणत परत पहिल्यापासून तपासलं.

म्हणजे परवा, रविवारी, अकराच्या सुमाराला भरती.

११ फेब्रुवारी, रविवार

तांबोशी! माझी! माझ्या काठीला!

शिट्टी झाली, बाबा गेले. मागोमाग मी, उलट्या दिशेने. पाणी भिंतीला लागलं होतं. फेसाच्या कडेला गळ सोडला आणि थोड्याच वेळात काठी अशी वाकली की मी मोठ्याने ओरडले. कारखान्यातली माणसं खिडकीत आली.

बाबा रिकाम्या हाताने परतले. मोरीतल्या माशाकडे बघतच राहिले.

"कुठे?"

"मिळाली."

काय बरं वाटलं म्हणून सांगू!

१३ फेब्रुवारी

दोन दिवस बाबा मागे मागे. आज जेवताना आपणहून म्हणाले, "तुझ्या आईने एकदा असाच मासा ओढला होता. मला म्हणाली, मेल्या, बघतोस काय, जाळं धर!" आई बाबांना मेल्या म्हणायची! मला ठाऊकच नव्हतं. मग बोलतच राहिले. ताटावर हात वाळले आमचे.

उठताना म्हणाले, "मला ने की तिथे. मास्तरलाही घेऊ."

"दोघांपुरतीच जागा आहे," मी म्हटलं. अख्खी शाळा कवायतीला उभी राहील एवढी ती भिंत आहे.

"तो एकटा असतो गं."

"मग मला शब्द द्या, त्यांना सांगणार नाही म्हणून." बराच वेळ टोपीशी चाळा करत बसले. मग दिला.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज भरती संध्याकाळी. शिट्टीच्या आधीच दोघं निघालो. बाबांना भिंतीवर बसवलं, माझी काठी दिली. आईच्या गोष्टी सुरू झाल्या आणि मला आठवलं, कोलंबीचा डबा घरीच राहिला. पळत आले.

मास्तर आमच्या दारापाशी पायरीवर बसले होते. मांडीवर दोन काठ्या — एक त्यांची, एक बाबांची, ती खाली त्यांच्याकडेच असते. बाबांच्या काठीला नवी दोरी भरली होती.

"दोनदा वाजवली," म्हणाले. "बरे आहेत ना गं ते?"

"झोपलेत," मी म्हटलं.

त्यांनी शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली. "झोपू दे, झोपू दे," एवढं अगदी हळू म्हणाले आणि पाय न वाजवता खाली गेले.