राबावरचा गाळ

पोलादपूर,
५ मे २००३

प्रिय ऋत्विक,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघे दुखतात, पण ते मी शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हाही दुखायचे. अंगणातल्या कलमाला यंदा आंबे बरे धरलेत. तुला सांभाळायची ती बनुबाई बरी आहे.

तुझा मसुदा मिळाला. ‘सांडपाण्याच्या गाळाच्या सुरक्षित पुनर्वापराचे सुधारित धोरण’. नाव वाचून होईपर्यंत चहा निवला. भाषा तपासून दे म्हणालास, म्हणून लाल पेन काढलं. पहिल्याच पानावर ‘जैवघन पदार्थ’! अरे, शहरभराचा मळ आहे तो, गाळून वाळवलेला. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, घाणीला गोंडस नाव दिलं की ती काढायची राहूनच जाते.

व्याकरणाच्या चुका मी दुरुस्त केल्या आहेत. पण चौथ्या पानावर माझं पेन थांबलं. ‘शेतकऱ्यांनी हा गाळ नांगरून जमिनीत मिसळावा.’

तुझ्या लहानपणीचा प्रत्येक मे महिना तू इथे काढलास. मे महिन्यात इथे कोण नांगरतो, सांग बरं? इथे राब भाजतात. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, पाला, तोडलेल्या डहाळ्यांची कवळं पसरायची, वर माती टाकायची, आणि जाळायचं. बनुबाईच्या कडेवर बसून तू हे पाहिलेलं आहेस. ठिणग्या उडाल्या की टाळ्या पिटायचास. तुझ्या चाळीस पानांत ‘राब’ हा शब्द एकदाही नाही.

डिसेंबरात तू नोकरी करतोस त्या केंद्राने वरच्या वाडीत ‘प्रयोगासाठी’ गाळ आणून टाकला. महिनाभर कोणी त्याला शिवलं नाही. मग कोणी पाठवलाय हे कळलं, आणि ढीग एका आठवड्यात संपला. बाईंच्या भाच्याने धाडलंय म्हटल्यावर शंका कसली?

काल बनुबाईच्या भावाला, सदूला, विचारलं, तो गाळ घातला कुठे.

“राबावर. आनि कुठं?”

“अरे, तो जाळायचा नसतो!”

“मंग शेन आनू कुठनं, बाई? गुरं ऱ्हायलीत का कोनाकडं? ह्ये वाळलं की गोवरीवानी तर दिसतंय.”

म्हणजे वाडीतल्या साऱ्या राबांवर तुझा गाळ पसरून तयार आहे. त्यात शहरातल्या कारखान्यांचं पाणी मिसळलेलं असतं, हे तूच सातव्या पानावर लिहिलंयस. तो जाळला तर त्यातलं काय धुरात जातं आणि काय राखेत उरतं? मला नुसतं हो-नाही नको, नीट उत्तर हवं. फोन केला की तुझ्या ऑफिसातली मुलगी ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणते, म्हणून हे पत्र.

एक राब पेटून गेलेला आहे. बाकीचे मी थोपवून धरलेत. लवकर लिही.

तुझी,
मावशी


पोलादपूर,
१४ मे २००३

ऋत्विक,

आशीर्वाद आहेतच, ते काही मी परत घेत नाही.

तुझं उत्तर आलं, ऑफिसच्या कागदावर, टाइप केलेलं. मावशीला ‘महोदया’ म्हणून लिहिणारा आपल्या घराण्यातला तू पहिलाच. ‘सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. गाळ जाळणे हा शिफारशीबाहेरचा, चुकीचा वापर असून राब ही पद्धतच कालबाह्य आहे. दुष्परिणामांचा शास्त्रीय पुरावा असल्यास सादर करावा.’

चुकीचा वापर! ट्रकबरोबर आलेल्या तुमच्या माणसाने काय सांगितलं, माहीत आहे? “खत आहे, घाला.” एवढंच. इथे खत घालतात ते राबावर. त्यांनी सांगितलेलंच केलं.

मागच्या पत्रात मी बनुबाई बरी आहे असं लिहिलं. ते खरं नव्हतं. तिने मला शपथ घातली होती.

जो राब पेटला तो तिचा. सगळ्यांच्या आधी तिने पेटवला, “माज्या बाबूनं धाडलेलं खत, मीच पयली,” म्हणून. तू अजून तिचा बाबूच. तुला ठाऊक आहे, राब वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवतात, म्हणजे तो सावकाश धुमसतो, आणि आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून कुणीतरी हिरवी डहाळी घेऊन तिथे उभं राहावं लागतं. ती सकाळभर त्या धुरात उभी होती. दुसऱ्या दिवशी खोकला, तिसऱ्या दिवशी बोलता येईना. आता ती महाडला दवाखान्यात आहे, नाकाला नळी लावून. डॉक्टर म्हणतात, छातीला सूज धुराने आली. धुरात काय होतं ते इथे तपासता येत नाही. म्हातारी आहे, चुलीपुढे जन्म गेलाय, हे सगळं मला कळतं. तुझ्या कागदावर हा पुरावा ठरायचा नाही, हेही कळतं.

काल तिच्याजवळ बसले होते. एकेका शब्दाला थांबत म्हणाली, “बाबूला काय कळवू नको गो ताय. त्याचं प्वाट हाय त्या कामावर.”

तिला तुझी काळजी. आणि तुला पुरावा हवा.

वाडीत मी गेले तेव्हा सदू काडेपेटी घेऊनच बसला होता. म्हणाला, “पावसाआधी भाजला नाय तर रोपं कशी व्हायची? मंग खायाचं काय, तुमचं विंग्रजी?” मग मी शब्द दिला. म्हटलं, माझा भाचा रविवारपर्यंत हा गाळ उचलून नेईल आणि बदली शेणखत देईल. नुसता पाला पेटतो, त्याने जमीन भाजत नाही.

सदूने काडेपेटी खिशात टाकली. मग म्हणाला, “तुमच्या नावावर घातला, तुमच्या नावावर काढतो. पन रविवारच्या म्होरं माझ्याच्यानं थांबवायचं नाय.”

बायकांनी हातांना पिशव्या बांधून राबांवरचा गाळ खरवडला. ती पोती आता माझ्या अंगणात आहेत, कलमाखाली. आंबे मी कोणाला दिलेले नाहीत, तुलाही पाठवणार नाही.

रविवारी ट्रक आला नाही तर वाडीतले लोक पोती उचलून नेतील आणि राब पेटतील. मी आडवी येणार नाही. पोटापुढे माझं काय चालणार? तुझ्या मसुद्यात तू काय दुरुस्त करायचं ते तुझं तू ठरव. चौथ्या पानावर मी एकच शब्द लाल शाईने लिहिलाय, ‘राब’, बाकी जागा तुझ्यासाठी कोरी ठेवली आहे.

बनुबाई रोज खुणेने विचारते, बाबूचं पत्र आलं का. मी म्हणते, आलं, तुझी आठवण काढलीय त्याने. हे मी रविवारपर्यंत सांगेन. त्यानंतर विचारलं, तर तुझं ते टाइप केलेलं पत्रच तिला वाचून दाखवीन, ‘महोदया’पासून.

तुझी नव्हे, ट्रकची वाट पाहणारी,
मावशी