टोंडोची वेस

४ मार्च
ड्युटीवरून आले तर ग्रेस स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली. इथे आखातात, अबू हलीफाच्या या फ्लॅटात माझी रूममेट, हॉस्पिटलच्या वॉर्डातही बरोबर. मनिलात टोंडो भागातली तिची वस्ती काल आगीत गेली. आई कोरा आणि लेक निकोल, दोघींचा पत्ता नाही. फोन लागत नाही. चहा केला, तसाच गार झाला. आणखी काय करणार, कपाळ!

५ मार्च
मुदीर, म्हणजे आमचा साहेब, म्हणाला रजा नाही, स्टाफ कमी. मेल्याला पोरंबाळं नाहीत काय? ग्रेस पेशंटना सलाइन लावत होती. मलाच बघवेना.
टोंडो एवढा दाट, की शाळा नि बास्केटबॉलची मैदानं माणसांनी भरलीत. शोधणार कुठे?

६ मार्च
राहवलं नाही. कोकणात गावी बाबांना फोन. म्हटलं, देवळात गाऱ्हाणं घाला. गावचे मानकरी तेच. म्हणाले, "आपल्या देवाची हद्द वेशीपर्यंत. म्होरचा तिकडच्या देवान बघूक व्हया. तिकडचो देव कोण?"
ग्रेसला विचारलं. टोंडोच्या चर्चमधला बाळ येशू. बाबांना काही वावगं वाटलं नाही. नाव विचारलं. निकोल, म्हटलं. घरात आणखी कोण, म्हणाले. खाली ड्युटीची बस हॉर्न मारत होती. मुलीचंच घ्या, म्हटलं, नि ठेवला.

७ मार्च
देवळातून बाबांचा फोन, स्पीकरवर. "बा देवा म्हाराजा, टोंडोच्या बाळदेवा, तुझ्या शिवेत निकोल नावाचा लेकरू चुकला हा, ता आवशीच्या पदरात घाल." मागून मंडळी, व्हय म्हाराजा. ग्रेसला अक्षर कळलं नाही. छातीवर क्रूस केला आणि तीही म्हणाली, व्हय म्हाराजा.

९ मार्च
निकोल सापडली! एका शाळेत. हात भाजलाय, पण जीव वाचला. शेजारणीने ओढून बाहेर काढलं. ग्रेस गळ्यात पडली. तुझ्या बाबांनी आणली, म्हणाली.
आणि आजी? आजी माझ्यामागून येत होती, एवढंच पोर सांगते.
सहा तारखेचं लिहिलेलं परत वाचलं: मुलीचंच घ्या. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी शंभरदा ऐकवलंय सगळ्यांना. तरी…

११ मार्च
कोराचा अजून पत्ता नाही. बाबांना म्हटलं, परत घाला, आता तिचं नाव. बाबा म्हणाले, "तेव्हाच इचारलंय मी तुका, आनी कोण म्हणान." उद्या घालणार आहेत.
जेवण गेलं नाही. भीती वाटते, खरंच वाटते.

१२ मार्च
बाबा संध्याकाळी देवळात जायचे आहेत. ग्रेस दुपारपासून माझा फोन मांडीवर घेऊन बसलीय. मी कांदा चिरत होते. मागून म्हणाली, "त्या दिवशी निकोलचं नाव मला ऐकू आलं. आईचं कुठे होतं?"
मी चिरत राहिले. ती अजून तिथेच बसलीय.