सासूबाईचा हीटर

दिघोरी, ता. लाखांदूर
१८ जानेवारी २०२५

माय,

पाया पडतो. आम्ही सारे बरे आहोत. गुड्डी तीळगूळ खाऊन खाऊन खोकलून राहिली, पण डब्बा काही सोडत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावून राहिली का नुसती बाटली सांभाळून राहिली? फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "ठेव आता, कामं पडले" म्हणते. म्हणून लिहून राहिली.

काल आमच्या अंगणात हळदीकुंकू झालं, अन् सासूबाई पहिल्यापासून शेवटपर्यंत अंगणातच बसल्या. मधोमध, खुर्चीवर. जिंकली मी, माय.

आता कसं ते ऐक. तुझ्या जावयानं मंडप-खुर्च्या भाड्यानं देतात त्या बिछायत केंद्रासाठी गॅसचा हीटर घेतला आहे, लग्नाच्या लॉनवर ठेवतात तो. माणसापेक्षा उंच खांब, पोटात सिलिंडर, डोक्यावर लोखंडाची छत्री. मी म्हटलं, थंडी बेकार पडून राहिली, बाया उभ्याउभ्या वाण घेऊन पळतात, एक दिवस घरी आणा. त्यायनं आणला अन् आम्हा दोघींले पेटवाले शिकवलं. मी म्हटलं, मले नाही जमत बा, भेव वाटते. सारं समजलं होतं मले. पण हे तुलेच सांगतो, कोणाजवळ बोलू नको.

सासूबाई मात्र मन लावून शिकल्या. सारवलेल्या अंगणात खांब डुगडुगते म्हणून खाली मोठी फरशी टाकून घेतली. नळीच्या जोडाले साबणाचा फेस लावला, बुडबुडे निघतात का पाहिलं. मंडपाचं कापड दूर सरकवलं. अन् सांगून टाकलं, पदर खोचल्याशिवाय कोणी जवळ याचं नाही.

दिवेलागणीले सासूबाईनं हीटर पेटवला, बाया आल्या. आमच्या आळीतल्या चंद्रभागाबाई, त्यायच्याशिवाय इथं कोणतंच कार्य होत नाही, त्यायनं करंडा हातात घेतला अन् म्हटलं, "गीताबाई, कुंकवाचं सुरू होते. तुमी आत बसा."

सासूबाई उठल्याच. सासरे गेल्यापासून सवयच पडली आहे त्यायले.

मी म्हटलं, "मंग हीटर बंद करा लागीन. मले येत नाही, अन् जळता सोडून पेटवणारीनं उठाचं नाही, असं ह्यायनं बजावलं आहे."

"मंग ओसरीत न्या न बाई. ताडपत्री सोडली तं ऊबही राहीन," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"ओसरीत नाही," सासूबाई म्हणाल्या. "वर पत्रा, बाजूनं ताडपत्री. गॅस कोंडला तं माणूस बसल्या जागी जाते, समजतही नाही. हा उघड्यावरच जळते." असा आवाज मी त्यायचा कितीतरी दिवसानं ऐकला.

तेवढ्यात वारा आला अन् ज्योत विझली. बाया गारठल्या. शेजारची मालनबाई लगेच काडी घेऊन धावली. सासूबाईनं तिले हटकलं, बटण बंद केलं, गॅस उडून जाईपर्यंत साऱ्याले दूर थांबवलं, अन् मंग पेटवला. चंद्रभागाबाईनं दोन्ही हात शेकले. थोड्या वेळानं म्हणतात कशा, "बसा तुमी. तुमच्याशिवाय हे आमच्यानं होत नाही."

मंग काय, गोल करून साऱ्या बसल्या. उखाणे झाले, चहा दोनदा झाला. जाताना चंद्रभागाबाईनं सासूबाईले हळद लावली. जराशा थांबल्या. मंग कुंकूही लावलं. सासूबाई रडल्या. मी तं आधीच रडून राहिली होती.

माय, मले कालपासून तूच दिसून राहिली. मागच्या संक्रांतीले तू इथं होती. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाहेर बाया हसत होत्या, अन् तुम्ही दोघी विहिणी मागच्या खोलीत वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी दारातून तीळगूळ दिला तं तू म्हणाली, "जा, बाया वाट पाहून राहिल्या." ते वर्षभर माझ्या मनातून गेलं नाही. हीटर काही थंडीसाठी आणला नव्हता.

तं आता पुढच्या रविवारी आम्ही नाकाडोंगरीले येऊन राहिलो. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते. अंगण सारवून ठेव. जांबाच्या झाडाखाली नाही, फांद्यायपासून दूर, मोकळ्यात. फरशी आम्ही आणू, सिलिंडर वेगळं बांधून आणू. शेजारणीयले आतापासून सांगून ठेव. पेटवाले सासूबाई तुले शिकवतील. गावात दुसऱ्या कोणाले येत नाही, हे ध्यानात ठेव.

अंगणात तुझी खुर्ची धरून बसलेली,
कीर्ती

ता. क. सासूबाई म्हणतात, विहीणबाईले लिही: त्या दिवशी मागच्या खोलीले कुलूप लावा, अन् चावी माझ्याजवळ द्या.