कपिलधारच्या ओढ्यापलीकडं

प्रिय अक्का,

काल आम्ही कपिलधारला जाऊन आलो. तू गेल्यानंतरचा हा पहिलाच श्रावण. तुला जे सांगायचं राहिलं होतं ते तिथंच, ओढ्यापलीकडच्या त्या गुहेत बसून सांगावं, असं मनात धरून गेले होते. पण गुहेत कुठल्याशा शाळेची सहल शिरलेली! पोरं एकमेकांच्या नावानं आरोळ्या ठोकत होती, मास्तर त्यांच्यावर ओरडत होते, वेफर्सची पाकिटं पायात येत होती. तिथं काय बोलणार? म्हणून आज उमा शाळेत गेल्यावर तिच्याच वहीचं पान फाडून लिहायला बसलेय.

आणि हो, 'तू' म्हणतेय. चौदा वर्षं मी तुझी धाकटी जाऊ होते आणि चौदा वर्षं 'तुम्ही'च म्हणत आले, एक दुपार सोडून. ती दुपार आठवते ना?

नेकनूरला मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मला हळूच विचारलंस, "भाकर येती का गं थापायला?" मी मान हलवली, नाही. "मग कुणाला बोलू नको. मी थापते, तू भाजत जा." सहा महिने सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, धाकटीची भाकर लई पातळ होती म्हणून! तू ते ऐकायचीस आणि पदर तोंडाशी धरून हसायचीस.

उमा माझ्या पोटी झाली, पण वाढली तुझ्या कडेवर. तुला ती मोठ्याई म्हणायची, माझ्याकडं फक्त दुधापुरती यायची. तुला मूल नव्हतं. घरात याबद्दल कुणी कधी ब्र काढत नसे.

मी काढला.

उमा सहा वर्षांची झाली, त्या वर्षी यांनी बीडला एसटीडी बूथ टाकायचं ठरवलं. जिकडंतिकडं त्या पिवळ्या पाट्या लागत होत्या. नेकनूरचं घरचं दुकान मोठ्या भाऊजींनी बघावं, आपण शहरात स्वतःचं काहीतरी करावं, असं यांच्या डोक्यात होतं. मला उमासाठी बीडची शाळा हवी होती. खोली बघून झाली, शाळेत दिवाळीनंतरसाठी नाव घालून झालं. सगळ्यांना कळलं, एक तू सोडून. "अक्कांना मी सांगते," असं मीच म्हणाले होते आणि रोज उद्यावर ढकलत होते.

शेवटी तुला ते कळलं कासारणीकडून! घरी आलीस ती तडक चुलीपाशी बसलीस, परात ओढून पीठ मळायला घेतलंस. "उमाला कावून नेता? हितं शाळा न्हाई का?" आवाज चढला होता तुझा. चूक माझी होती, म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हणाले, "तुम्हाला आईचं मन काय कळणार?"

तू हातातलं पीठ झटकलंस आणि उठून गेलीस. त्यानंतर दीड महिना आपण एका चुलीवर स्वयंपाक केला, पण एकमेकींशी एक शब्द नाही. मीठ हवं असलं तर तू उमाला सांगायचीस, "आईला म्हण, मीठ दे."

मग श्रावणात भाऊजींनी कपिलधारला जायचं काढलं. जीप केली होती. दर्शन झालं, धबधब्याखाली उमानं नाचून घेतलं. धारेचे तुषार पार पायऱ्यांपर्यंत येत होते आणि दरीतला दगड न् दगड हिरवा झाला होता. मग ओढ्याच्या कडेकडेनं आपण खालच्या अंगाला गेलो. सतरंजी टाकायच्या आतच तू डब्याची पिशवी उचललीस आणि दगडांवर पाय देत एकटीच पलीकडच्या गुहेकडं निघालीस. भाऊजी मला म्हणाले, "जा गं तिच्या मागं, घसरंल ती." मी नाइलाजानं आले.

आपण गुहेच्या तोंडाशी पोचतोय तोच वर डोंगरात गडगडलं. खाली थेंबही नव्हता. पण बघता बघता ओढ्याचं पाणी तांबडं झालं, आणि ज्या दगडांवरून आलो ते एकेक करून दिसेनासे झाले. पलीकडून हे ओरडत होते, "तिथंच थांबा! हलू नका!" कुठं हलणार होतो?

गुहेत वटवाघळांचा उग्र वास, आणि आपण दोघी दोन भिंतींना टेकून. पाण्याच्या आवाजापुढं काही सुचत नव्हतं. मग तू बोललीस. दीड महिन्यातले तुझे पहिले शब्द!

"पातळ भिजतंय तुझं. आत सरक."

मला रडूच फुटलं. "अक्का, त्या दिवशी मी तुम्हाला..."

"ऱ्हाऊ दे. बोलतंय माणूस रागात." तू पिशवीतून धपाटे काढलेस, एक माझ्या हातात दिलास. स्वतः एक घास घेतलास आणि म्हणालीस, "त्याचं वाईट न्हाई वाटलं म्हणत न्हाई मी. पर कासारणीच्या तोंडून कळावं व्हय गं? मी बांगड्या भरत हुते. हात तिच्या हातात. हात सोडवता येईना का डोळे पुसता येईनात. तू का न्हाई सांगितलंस?"

"सांगायला आले असते आणि तुमचं तोंड बघितलं असतं, तर आमचं जाणंच झालं नसतं."

"मग ह्येच सांगायचं की येडे! आन ते तुमी-तुमी बंद कर. हितं कोण सासू बसलीय ऐकायला?"

तेवढ्यात पलीकडून उमाची हाक आली. पाण्याच्या आवाजावरून चढून आली ती हाक. घाबरून, जीव तोडून ती ओरडत होती, "मोठ्याई! मोठ्याई!"

अक्का, 'आई' नव्हे, 'मोठ्याई'! माझी लेक बापाच्या कडेवरून तुला हाका मारत होती. मी तुझ्याकडं बघितलं. तुझा चेहरा कसा झाला होता, ते मला अजून सांगता येत नाही. तू गुहेच्या तोंडाशी गेलीस आणि सगळी ताकद लावून ओरडलीस, "भिऊ नको गं! तुझी आई हाय माझ्यासंगं!"

मग मागं वळून मला म्हणालीस, "घेऊन जा तिला. शिकंल. मी येत जाईन."

दोन-तीन तासांनी पाणी ओसरलं. देवस्थानातल्या माणसांनी दोर आणला. तू एका हातानं दोर धरला होतास आणि दुसऱ्यानं माझं मनगट. इतकं आवळून की चार दिवस वळ राहिला. "हळू, अक्का, तू पाय बघून टाक," असं मी तुला म्हणाले, ते शेवटचं 'तू'. घरी आल्यावर जीभ पुन्हा 'तुम्ही'वर गेली.

दिल्या शब्दाला जागलीस. सहा वर्षं दर शनिवारी नेकनूरच्या गाडीतून उतरायचीस, पिशवीत दही, शेंगा, उमाचा लाडू. टीव्हीवरच्या बायकांचे कपडे बघून तोंडभर शिव्या घालायचीस आणि मालिका मात्र एक चुकवायची नाहीस!

एक विचारू? दुखणं का लपवलंस? डोळे पिवळे दिसतात म्हटलं तर म्हणालीस, "हळदीचा हात लागला आसंल." मी हसले. का हसले मी? दवाखान्यात तीन दिवस तुझ्या उशाशी होते. माफी मागायला तीन दिवस कमी होते का? पण मी तुला डाळिंबाचा रस पी म्हणत राहिले, चादर नीट करत राहिले. आता मागते. अक्का, मी फार वाईट बोलले. आईचं मन मला कळायच्या आधी तुला कळलं होतं. मला माफ कर.

कालचं आणखी एक सांगायचंय. भाऊजी ओढ्याच्या अलीकडच्या काठावरच बसून राहिले, पलीकडं आले नाहीत. मी गुहेकडून परत आले तशी एकदम म्हणाले, "तिला पाण्याचं लई भ्या हुतं. लहानपणी हिरीत पडली हुती."

मी चमकले. चौदा वर्षांत मला हे माहीत नव्हतं! "मग त्या दिवशी एकट्या कशा गेल्या पलीकडं?"

"आमचं ठरलं हुतं. आदल्या दिशी मला म्हणली, मंगल घरात माझ्याम्होरं थांबत न्हाई. मी ओढ्यापल्याड जाते, तुमी तिला मागनं लावून द्या. तिथनं कुठं पळंल? बोलल्याबिगर आता मला ऱ्हाववत न्हाई." मग डोळे पुसत हसले. "पाणी मात्र मी न्हाई सोडलं हं!"

मीही हसले आणि तिथंच खडकावर बसून घेतलं. चूक माझी, आणि पाण्यात पाय घातलास तू!

भाऊजी वाळलेत. घरात आता एकटेच. दुकानात चहा-बिस्किटावर दिवस काढतात. बीडला चला म्हटलं तर ऐकत नाहीत. तेव्हा हा शब्द देते. या शनिवारपासून मी नेकनूरची गाडी धरणार. तुझ्या चुलीवर त्यांना दोन गरम भाकरी करून घालणार, त्यांनी नको म्हटलं तरी. उमा बरोबर येईलच. थापायला मी बसेन, भाजायला ती.

तुझी धाकटी,
मंगल