पॅन आण, मग जा

९ फेब्रुवारी २००७, शुक्रवार

म्हणाले! सगळ्यांसमोर म्हणाले — "पॅन आण, मग जा."

दुपारी हजरा खालांकडे जेवायला होतो. आमच्या समोरचंच दार. सरोज मॅडमचा फोन आल्याचं मी इलियासना घरीच सांगणार होते, पण दोन दिवस जीभ रेटत नव्हती, आणि तिथे ताटावर बसल्या बसल्या बाहेर पडलं. मॅडम कॉलेजातून रिटायर झाल्यात. दापोलीत मुलींसाठी कॉमर्सचे वर्ग काढतायत. अकाउंट्स शिकवायला त्यांना मी हवीय. जूनपासून, निदान एक वर्ष. पगार बँकेतच जमा होणार, म्हणून पॅन कार्ड पाहिजे. हातात पाकीट देऊन मी कुणाला राबवणार नाही, असं मॅडम फोनवर म्हणाल्या. अगदी वर्गात बोलायच्या तशा.

खाला भात वाढत राहिल्या. त्यांचे मिस्टर हमीदचाचा मात्र ठसका लागेपर्यंत हसले. अख्खी दुनिया टॅक्स नाही म्हणून कतारला येते, आणि ही पोर टॅक्सचा नंबर मागत बसलीय! इलियासही हसले, आणि मग ते वाक्य. नोकरी नसलेल्या बाईला पॅन कोण देणार, असं त्यांना वाटत असणार. मी लगेच चाचांना म्हटलं, तुम्ही साक्षीदार हां.

नोकरी असावीच लागते असं कुठेही नाही. तिसऱ्या वर्षाला आयकर शिकलेय मी. विद्यार्थ्यालाही मिळतं, बेकारालाही मिळतं. हे ताटावर नाही बोलले. इथे लिहून ठेवते.

१२ फेब्रुवारी

खालच्या इंटरनेट कॅफेतून फॉर्म छापून आणला. सगळं भराभर भरलं आणि पत्त्यावर अडले. घर क्रमांक, इमारत, रस्ता, पिन. आमच्या इमारतीला नाव नाही. रस्त्याला असेल, पण कुणी वापरत नाही. "मन्सूरा, केरळी हॉटेलच्या मागे, निळं गेट" — दोन वर्षं हाच आमचा पत्ता! इथे पोस्टमन दारात येतच नाही. पत्र येतं पोस्ट बॉक्सात, आणि बॉक्स असतो नवऱ्याच्या कंपनीचा.

भारतातला पत्ता द्यावा, तर लग्न झाल्या महिन्यातच अब्बांनी रेशनकार्डावरून माझं नाव कमी करून घेतलं. रीतच ती. पासपोर्टवर सासरच्या घराचा पत्ता, पण सासूबाई थोरल्या दिरांकडे मुंब्र्याला, आणि त्या घराला कुलूप. तिथे गेलेलं पाकीट आल्या वाटेनं परत जाईल.

म्हणजे मी कुठेच राहत नाही. गंमत म्हणून लिहायला घेतलं हे वाक्य.

संध्याकाळी इलियासना विचारलं, तुमच्या कंपनीचा बॉक्स नंबर देऊ का? "दे की," म्हणाले. टीव्हीवरची नजर न काढता.

१३ फेब्रुवारी

वडिलांचं नाव. लग्न झालेल्या बाईनेही वडिलांचंच लिहायचं, नवऱ्याचं नाही. तसं फॉर्मवरच बजावलंय!

अब्बा चौथीपर्यंत शिकले आणि हर्णैला होडीवर गेले. मी त्यांच्या घरातली पहिली पदवीधर. निकालाच्या दिवशी त्यांनी अख्ख्या बंदरावर पेढे वाटले होते, माशांच्या वासाच्या हातांनी. आता माझ्या कार्डावर, माझ्या नावाखाली त्यांचं नाव छापून येणार. फोन करून सांगितलं. "कशाला गो, माझं काय काम तिथं?" म्हणाले. पण फोन ठेवेपर्यंत दोनदा विचारलं, कधी येणार ते कार्ड.

२० फेब्रुवारी

वकिलातीत जाऊन आले. एकटी! इलियासना सुट्टी मिळेना, टॅक्सी करून गेले. पासपोर्टच्या प्रतीवर सही-शिक्का हवा होता. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, काय करता? हाउसवाइफ. त्याने फॉर्म पुन्हा वर केला. "फिर पैन का क्या करेंगी, मैडम?"

"टैक्स भरूँगी."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. त्याने मात्र शिक्का मारला.

खरंच भरायचाय मला. मॅडम सांगायच्या — ज्या रस्त्याने तुम्ही आज कॉलेजात आलात, त्याचे पैसे तुमची ओळखदेख नसलेल्या कुणीतरी भरलेत. मला ती ओळख नसलेली बाई व्हायचंय. माझ्या इथल्या व्हिसावर शिक्का आहे, काम करायला परवानगी नाही म्हणून. दर वेळी पान उलटताना तोच शिक्का आधी दिसतो.

१ मार्च

पाकीट मुंबईला गेलं. कुरियरवाल्याला विचारलं, पोचेल ना? "इन्शाल्ला." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

१८ मार्च

आज दिवसभरात मी फक्त दुकानात बोलले. कोथिंबीर आहे का. शुक्रन. बस्स.

इलियास पहाटे साडेपाचला निघतात आणि अंधार पडल्यावर येतात. इंडस्ट्रियल एरियातली त्यांची कंपनी, पार्टिशन-सीलिंगची कामं घेणारी. हे तिथे ड्राफ्ट्समन. डिसेंबरात एशियन गेम्स झाल्या, तोवर शुक्रवारीही जावं लागायचं. आता काम कमी व्हायला हवं, तर उलट जास्तच थकून येतात. चेहरा केवढा रापलाय! म्हटलं, ड्रॉइंगच्या टेबलावर ऊन येतं का? साइटवर पाठवतात हल्ली, म्हणाले. आणि जेवून लगेच झोपले.

दुपारी मी भिंतीला शिकवते. हे कुणाला सांगता येणार नाही म्हणून इथे. कपाटाच्या शेजारची मोकळी भिंत हा फळा, तिच्यासमोर उभं राहायचं आणि बोलायचं. जूनसाठी सराव! आज घसारा घेतला. यंत्र विकत घेतलं त्या दिवसापासून त्याची किंमत उतरायला लागते, वापरा नाहीतर झाकून ठेवा. मध्येच थांबले. झाकून ठेवा म्हटल्यावर पुढचं सुचेना.

खिडकीतून पलीकडच्या इमारतीचे एसी दिसतात. माणूस दिसत नाही.

३० मार्च, शुक्रवार

खाला आल्या होत्या, आंबोळ्या घेऊन. गोड बोलता बोलता, "नोकरी नाय, धंदा नाय, नि टॅक्सचा नंबर कशाला गो? उद्या ते लोक इलियासच्या पगारामागं लागले म्हणजे?" मी समजावलं. इथल्या पगारावर तिकडे टॅक्स नाही, आणि माझ्या नंबराचा इलियासच्या पगाराशी संबंधही नाही. त्यांना पटलं नाही. सरकारच्या कागदात नाव गेलं की गेलं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या या मजल्यावर सगळ्यांचंच तसं म्हणणं आहे. पॅन काढणं म्हणजे आपणहून पोलिसात जाणं.

निघताना दारात म्हणाल्या, "एक मूल होऊ दे, विसरशील सगळा."

आंबोळ्या चांगल्या झाल्या होत्या. खाल्ल्या नाहीत.

१७ एप्रिल

मिळाला!! कॅफेत बसून पावती क्रमांक घातला — नंबर दिला आहे, कार्ड पोस्टाने रवाना केलं आहे. कोणता नंबर ते तिथे दाखवत नाहीत, कार्ड हातात आल्यावरच कळणार. शेजारच्या फिलिपिनो मुलीला उगाचच सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण ती म्हणाली, "कॉन्ग्रॅच्युलेशन्स!"

रात्री इलियासना सांगितलं. बरं झालं, म्हणाले. बॉक्स बघाल ना? बघतो, म्हणाले. यापेक्षा जास्त काही बोलतील असं मला का वाटलं होतं कोण जाणे.

२६ एप्रिल

आजही नाही म्हणाले.

३ मे

नाही.

८ मे

मॅडमचा फोन. महिनाअखेरपर्यंत कळव, नाहीतर चिपळूणची एक मुलगी तयार आहे. रागावल्या नव्हत्या. तेच जास्त लागलं.

जेवताना मी विचारलंच. तुम्ही दडवलंय का?

"बॉक्सात असतं तर आणलं नसतं मी?"

मग मी येते तुमच्या ऑफिसात. मीच विचारते.

घास हातातच राहिला त्यांच्या. "तिथं बायका येत नाहीत," एवढंच म्हणाले आणि उठले. ताटात मासा तसाच.

म्हणजे आलंय कार्ड. नक्की आलंय. ड्रॉवरमध्ये कुठेतरी ठेवून दिलं असेल, जून उलटेपर्यंत. जा म्हणणारे तेच आणि वाट अडवणारेही तेच. नको म्हणाले असते तर भांडले तरी असते! आमचं लग्न ठरताना अब्बांनी एकच चौकशी केली होती, मुलगा खोटं बोलत नाही ना. गावभर विचारलं होतं त्यांनी. सगळे म्हणाले, नाही बोलत.

आता दिवा मालवलाय. ते भिंतीकडे तोंड करून झोपलेत, मी स्वयंपाकघरात बसून लिहितेय. दिवसा एकटी असते तेव्हा इतकी एकटी नसते.

१४ मे, सोमवार

इंडस्ट्रियल एरियात जाऊन आले.

हमीदचाचांच्या किराणा दुकानाची गाडी सोमवारी तिथल्या कामगारांच्या कँपात तांदूळ, पीठ पोचवते. मी जिन्यात गाठलं त्यांना. खालांना न विचारता म्हणाले, "बस." वाटेत धूळ, ट्रक, वर्कशॉपं, पुन्हा धूळ. कंपनीच्या फाटकाशी मला सोडून ते समोर सावलीत उभे राहिले.

ऑफिस म्हणजे पत्र्याची केबिन. टेबलामागे एक केरळी क्लार्क. मी इलियासचं नाव सांगितलं, माझं एक पत्र आलंय का विचारलं. तर तो उठूनच उभा राहिला. खुर्ची दिली. पाणी दिलं.

"इलियास भाई कैसे हैं? कहीं काम लगा?"

मला प्रश्न कळला नाही. त्याला ते कळलं. मग खाली बघत, हळूहळू सांगितलं त्याने. गेम्सची कामं संपली, नवी मिळाली नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटी अर्ध्या लोकांना खलास म्हणून कामावरून काढलं. इलियासनाही. दुसरा कुणी कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार, मिळाला तर व्हिसा बदलून देऊ, असं मालक म्हणालाय. मुदत मेअखेरची. ते आले होते का मधे? मी विचारलं. "नहीं, मैडम. डाक लेने भी नहीं आए. शर्म आती होगी."

काढून टाकलेल्या माणसांची पत्रं एका खोक्यात ठेवली होती. त्यातून माझं पाकीट काढून दिलं. वरती कोरडा गोल डाग, कुणीतरी चहाचा पेला ठेवलेला.

परतताना चाचांनी काही विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं का? दुकानात सगळे येतात, ठाऊक असणार.

मग ते रोज पहाटे जातात कुठे? मार्चपासून, या उन्हात, कुणाकुणाच्या दारात उभे राहतात?

घरी येऊन पाकीट फोडलं. एवढंसं कार्ड. माझं नाव, खाली अब्बांचं. मी या क्षणी काय काय करीन ते कितीदा ठरवलं होतं. टीव्हीवर ठेवून दिलं, दारातून दिसेल असं.

ते आले. बूट काढताना दिसलं त्यांना. हात धुतले, जेवले. आज ताटात काही टाकलं नाही.

१५ मे

पहाटे इस्त्रीचा शर्ट घातला त्यांनी, बूट घातले. मी म्हटलं, आज राहू दे.

बुटासकट गादीवर बसले. मग विचारलं, "मॅडमना फोन केलास?"