लसींच्या फ्रिजातला कुपा मासा

आदरणीय तोआकाईमामा,

तुम्हाला आणि मामींना तुमच्या मोआनिबाचा वाकून नमस्कार. इकडे सगळी धडधाकट आहेत, तुम्हीही असाल असं धरून चालते. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर त्यांनी तिथेच तारावाच्या इस्पितळात दाखवावं, माझ्या उत्तरासाठी खोळंबू नये. पत्र बोटीने जातं आणि बोट तिच्या मनात आलं की सुटते.) मासळीच्या शीतगृहातली तुमची नोकरी छान चालल्याचं ऐकून बरं वाटलं. आपल्या घराण्यात पगार घेऊन थंडी वाजून घेणारे तुम्ही पहिलेच.

दवाखान्यात नवं काय, असं तुम्ही विचारलंत. नवा आहे फ्रिज. लसींचा, उन्हावर चालणारा. तीन देशांनी आपल्या सरकारशी हातमिळवणी केली आणि पेटी एकाची, छपरावरचे सौरपट्टे दुसऱ्याचे, दोन्ही जोडणारी तार तिसऱ्याची, असं ते सगळं तीन बोटींतून तीन महिन्यांत येऊन पोचलं. (तार येईपर्यंत पट्ट्यांवर कोंबड्यांनी बस्तान बसवलं होतं. त्या अजून तिथेच आहेत आणि तिन्ही देशांपैकी कुणाच्याच फॉर्मात त्यांच्यासाठी रकाना नाही.) पण मामा, चेष्टा बाजूला. आजवर लस यायची बर्फाच्या डब्यातून, आणि बर्फाचं पाणी व्हायच्या आत बेटावरची झाडून सगळी पोरं टोचून काढावी लागायची. जे पोर त्या दिवशी आजोळी गेलं, ते राहिलं ते राहिलंच. दोन वर्षांपूर्वी गोवर आला तो या राहिलेल्या पोरांनाच धरून बसला. अकरा दिवस मी घराचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यात माझी एरेता वर्षाची होत आली होती आणि तिची गोवराची लस याच फ्रिजात येऊन राहायची होती. त्यामुळे तो फ्रिज आला तेव्हा मी त्याच्या दाराला हात लावून रडले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

आता पुढचं. आपल्यात कुणी बुबुसी घातली, म्हणजे हक्काने काही मागितलं, की नाही म्हणायची सोय नाही, हे मी तुम्हाला काय शिकवणार? माझी सायकल तुम्ही अशीच नेलीत. (तिला यंदा सात वर्षं होतील. सहज आठवलं म्हणून लिहिलं.) फ्रिज सुरू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ बारानिको हातभर कुपा मासा खांद्यावर टाकून दारात उभा. म्हणाला, ताई, बुबुसी घालतो, संध्याकाळपर्यंत एवढा आत राहू दे. भाऊ आहे, काय करणार? मग बारानिकोची सासू आली नीरेची बाटली घेऊन. मग शाळेचे मास्तर लोणी घेऊन आले. मग आपले तेबुआई आजोबा आले. अख्खं गाव जमतं त्या मानेआबातले ते सगळ्यांत वडील, त्यांच्याआधी कुणी बोलत नाही. त्यांना काही ठेवायचं नव्हतं. ते दार उघडून समोर बसले आणि पाय आत घातले. गुडघ्यांना बरं वाटतं, म्हणाले. तुम्हीच सांगा, या वयाच्या माणसाचे पाय मी कोणत्या तोंडाने बाहेर काढायचे?

उपाय केले नाहीत असं नाही. कुलूप लावलं, तर किल्लीची बुबुसी आली. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘फक्त लस’, तर दुसऱ्या दिवशी आत पाच पुडकी, प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात ‘लस’, आणि प्रत्येकातून शेपटी बाहेर. शेवटी भीती घालून पाहिली. म्हटलं, आतल्या औषधांचा अंश मासळीत उतरतो, सांभाळा. झालं! बेटावर जेवढ्या म्हणून कंबरा दुखत होत्या, तेवढ्या रांगेत उभ्या राहिल्या, आम्हाला तोच मासा हवा म्हणून.

एवढ्यात त्या भागीदारीतर्फे हान्ने नावाच्या बाई तपासणीला आल्या. बाई मोठ्या गोड, उंचीने माडाच्या जातीच्या. आपल्या मंडळींनी मानेआबात त्यांना फुलांचा मुकुट घातला, मानेवर पावडर थापली, अत्तर मारलं आणि चार तास मांडी घालून बसवलं. (पाचव्या भाषणाला त्यांचे पाय त्यांचे राहिले नव्हते, पण चेहरा हसराच.) मग त्या दवाखान्यात आल्या आणि फ्रिजातून एक बोटाएवढं यंत्र काढलं. मामा, ते मेलं सगळं टिपत होतं! दार कधी उघडलं, किती वेळ उघडं राहिलं, आत किती गरम झालं, सगळं. कागदावर रेघ उमटली ती शार्कच्या जबड्यासारखी. दिवसाला चाळीस वेळा दार उघडलेलं. बाईंनी आधी मला शाबासकी दिली, लस यायच्या आधीपासूनच रोज चाळीस वेळा फ्रिज तपासता म्हणून. मग त्यांनी दार उघडलं आणि बारानिकोचा कुपा त्यांच्याकडे बघत होता.

रागावल्या नाहीत त्या, पण स्पष्ट बोलल्या. महिनाभर रेघ सरळ दिसली तर लस येईल, नाहीतर फ्रिज शेजारच्या बेटाला जाईल. म्हणजे एरेताला उघड्या होडीतून सहा तास न्यायचं, नाहीतर पुन्हा बर्फाच्या डब्याची वाट बघायची. संध्याकाळी एरेताला मांडीवर घेऊन बसले होते, तर शेजारीण कुंपणावरून म्हणाली, बुबुसी घालते, जरा मीठ दे. मी मीठ दिलं आणि देता देता डोक्यात लख्ख उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी मी मानेआबात गेले. आपल्या जागेवर बसले, आजोबांची परवानगी घेतली आणि सगळ्या गावाला एकगठ्ठा बुबुसी घातली: त्या फ्रिजासाठी यापुढे मला कुणीही बुबुसी घालायची नाही. नाही म्हणावं तर वाडवडिलांचा रिवाज मोडतो, हो म्हणावं तर मासा उन्हात. सगळे तेबुआई आजोबांकडे बघायला लागले. आजोबांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, “पोरीने मला माझ्याच जाळ्यात धरलंय. दिलं, बाई.” आणि असे हसले की बसल्या जागी कलंडले.

महिनाभर कुणी दाराला बोट लावलं नाही. हान्नेबाई परत आल्या, रेघ सरळ. लस आली, आणि सगळ्यांत आधी एरेताला दिली. तिने असा टाहो फोडला की छपरावरच्या कोंबड्या पहिल्यांदाच उठून गेल्या. मी हसत होते आणि डोळे पुसत होते. बाईंनी त्यांच्या अहवालात हे ‘लोकसहभागाचं आदर्श उदाहरण’ म्हणून लिहिलंय. दुसऱ्या बेटांनाही हाच मार्ग दाखवणार आहेत म्हणे. दाखवोत बापड्या.

मामींना माझा नमस्कार, मुलांना गोड पापा. तुम्हाला आरोग्य, शांती आणि भरभराट लाभो. त्यातल्या आरोग्याचं आम्ही बघतोच आहोत.

तुमची भाची,
मोआनिबा

ता. क. एक सांगायचं राहिलं. आजोबांनी माझी बुबुसी मान्य केली आणि त्याच दमात मला उलट बुबुसी घातली: गावाच्या मासळीसाठी दुसरी थंड पेटी मी आणून द्यायची. नाही कसं म्हणणार? तुमच्या शीतगृहामागे तुमचा स्वतःचा जुना फ्रीझर पडून आहे असं मामी मागे बोलल्या होत्या. तर तोआकाईमामा, मी तुम्हाला बुबुसी घालते.

ता. क. २. सबबी शोधत बसू नका. शाळेच्या सौरपट्ट्यांवरून तार ओढून झाली आहे, जागा झाडून ठेवली आहे आणि काल मानेआबात तुमचे आभार मानणारी तीन भाषणंही झाली. फ्रीझरबरोबर सायकलही पाठवलीत तर बोटवाला वेगळं भाडं घेणार नाही.

ता. क. ३. हे पत्र वाचून फाडून टाका. सरळ रेघेवर सतरा तारखेला एक बारीकसा दात आहे. हान्नेबाईंनी विचारलं तेव्हा मी यंत्राची तपासणी केली असं सांगितलं. खरं म्हणजे त्या दुपारी फार उकडत होतं आणि माझ्याकडे नीरेची एक बाटली होती. गावाने मला मागायचं नाही असं ठरलं होतं; मी मला मागायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. मी मागितलं, आणि आपल्यात नाही म्हणायची सोय नाही. म्हणून म्हणते, फ्रीझर येत्या बोटीनेच पाठवा.